विक्रीची हिशेबपट्टी

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन वा तूर विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती अखेरीस हिशेबपट्टी पडते. वजन किती भरले, भाव काय लागला, हमाली-तोलाईपोटी काय कापले, हे तीत लिहिलेले असते. ती पट्टी न्याय्य असतेच असे नव्हे. पण कपात डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याविरुद्ध आवाज उठवता येतो. त्याच शेतकऱ्याचा मुलगा नांदेडात शिक्षक होतो, पगारातून दरमहा दोन हजार रुपये म्युच्युअल फंडात घालतो, आणि वर्षानुवर्षे त्यातून काय कापले गेले याची त्याला वार्ताही नसते.

शेअरबाजार हा सटोडियांचा धंदा, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, असे काही कार्यकर्ते म्हणतात. हा युक्तिवाद आज अपुरा आहे. राज्य सरकारने नोव्हेंबर 2005 पासून नव्या कर्मचाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारले, तेव्हापासून म्हातारपणाची तरतूद बाजाराच्या हवाली होत गेली. मार्च 2023 मध्ये कर्मचारी त्याविरुद्ध संपावर गेले. तो लढा योग्यच होता. पण जो पैसा आधीच बाजारात गेला आहे, त्याचे रक्षण कोणी करावयाचे?

1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेला दोन दारे आहेत. एक ‘रेग्युलर’, ज्यात विक्रेत्याचे कमिशन योजनेच्या खर्चातून वर्षानुवर्षे दिले जाते; दुसरे ‘डायरेक्ट’, ज्यात हे कमिशन नाही. समभागांच्या योजनांत हा फरक पुष्कळदा टक्क्याच्या आसपास असतो. टक्का म्हणजे काय मोठे, असे वाटेल. दरमहा दोन हजार रुपये वीस वर्षे भरले आणि वाढ बारा टक्के धरली, तर सुमारे पावणेवीस लाख होतात. अकरा टक्के धरली, तर सुमारे सव्वासतरा लाख. एवढी वाढ मिळेलच असे नाही. हा केवळ अंकगणिताचा दाखला आहे. पण मधले अडीच लाख कोणाच्या घामाचे, हे त्यातून कळते.

कॉइन, ग्रो, कुवेरा यांसारख्या अल्पखर्ची ऑनलाइन मंचांनी हे दुसरे दार मोबाइलवर आणले. मुंबईच्या दलालावाचून नांदेडच्या शिक्षकाला आपले युनिट स्वतः विकता येतात, हा लाभ खराच. परंतु खर्च नाही म्हणजे किंमत नाही, असे नव्हे. ‘रेग्युलर’मधून ‘डायरेक्ट’मध्ये जाणे ही कायद्याच्या दृष्टीने विक्रीच होय. समभाग योजनेत वर्षाच्या आत विकल्यास बहुधा एक टक्का निर्गमन भार पडतो आणि नफ्यावर 20 टक्के कर लागतो. वर्षानंतर, 23 जुलै 2024 पासूनच्या दरांनुसार, आर्थिक वर्षातील सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असून त्यावरील नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. म्हणून घाई नसेल त्याने थोडे मार्चमध्ये व थोडे एप्रिलमध्ये विकले, तर पुष्कळदा कर लागतच नाही. हे सांगण्यास मंचावर कोणी बसलेले नसते. सेबीने 2023 मध्ये अशा मंचांसाठी केलेल्या चौकटीत त्यांचे काम व्यवहार पार पाडण्याचे आहे, सल्ला देण्याचे नव्हे.

याहून गंभीर प्रश्न दार बंद होण्याचा आहे. नोकरदारांच्या घरोघर पोहोचलेल्या युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-64’ योजनेची खरेदी-विक्री 2 जुलै 2001 रोजी सहा महिन्यांसाठी थांबवली गेली. त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत बड्या कंपन्यांनी मोठमोठ्या रकमा काढून घेतल्या होत्या. सुमारे दोन कोटी धारकांतील बहुसंख्य सामान्य माणसे मात्र आत राहिली. संसदेत आणि बाहेर ओरड झाली, तेव्हा कोठे ऑगस्टपासून 3,000 युनिटांपर्यंत दहा रुपयांपासून पुढे चढत जाणाऱ्या ठरीव भावाने परतखरेदी सुरू झाली. पुढे 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेंपलटनने सहा कर्जरोखे योजना गुंडाळल्या आणि सुमारे 25 हजार कोटी रुपये अडकले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते 2021 पासून हप्त्याहप्त्याने परत मिळू लागले. विक्रीचे बटण त्या दिवशी कितीही स्वस्त असते, तरी त्याचा उपयोग शून्य होता. दाराची किल्ली मंचाकडे नसते, फंडाकडे असते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक विक्रीनंतर, आणि दरवर्षी एकदा, धारकाला मराठीतून हिशेबपट्टी मिळावी: कमिशन किती गेले, खर्च किती, भार किती, कर किती, हे टक्क्यांत नव्हे तर रुपयांत. योजना अडचणीत आली, तर बड्या धारकांना आधी बाहेर पडता येऊ नये. छोट्या धारकाच्या रकमेला प्राधान्य असावे. 2001 मध्ये ते ओरडीनंतर मिळाले, ते नियमाने मिळाले पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत शिक्षक व कर्मचारी संघटनांच्या नांदेड-लातूरच्या शाखांनी एक काम हाती घ्यावे. सभासदाने खाते-उतारा घेऊन यावे, योजना ‘रेग्युलर’ की ‘डायरेक्ट’ हे पाहावे, वारसाचे नाव व बँक खाते बरोबर आहे का हे तपासावे, आणि विकण्याआधी खरेदीची तारीख मोजावी. आडतीच्या पट्टीवर बोट ठेवून भांडणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलांना हे अवघड नाही.