हेडलाइटचा मोतीबिंदू

गणपतीच्या आधीच्या रविवारी पनवेल, कामोठे, कळंबोलीतल्या सोसायट्यांच्या आवारात एक दृश्य हमखास दिसते. कोकणात जायचे म्हणून गाडी धुवायला काढलेली असते. कोणीतरी घरातली टूथपेस्ट आणून पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर ओल्या फडक्याने घासत असतो आणि दहा मिनिटांत काच उजळलेली पाहून शेजारीही आपली ट्यूब आणायला जिना चढतो. हा उपाय थोतांड नाही. पण तो अर्धाच आहे, आणि रात्रभराच्या प्रवासापूर्वी अर्ध्या उपायावर विसंबणे धोक्याचे आहे.

मुळात ती काच नसतेच. अँबॅसडर आणि पद्मिनीचे गोल दिवे काचेचे होते. ते फुटत, पण पिवळे पडत नसत. आताच्या गाड्यांचे दिवे पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचे असतात. कारखान्यातले सुरक्षा-चष्मे याच पदार्थाचे. हलके, हव्या त्या आकारात घडणारे, खडा उडाला तरी न फुटणारे. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पृष्ठभाग पिवळा, खरखरीत होत जातो. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक संरक्षक लेप चढवलेला असतो. काही वर्षांत हा लेपच विटतो, सोलवटतो. आच्छादित पार्किंग नसलेल्या वसाहतींत गाडी दिवसभर उन्हात तापते, तिथे हे लवकर घडते. एकाच गाडीचा एक दिवा दुसऱ्यापेक्षा जास्त पिवळा दिसतो, त्याचे कारणही बहुधा हेच: रोज त्याच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीची तीच बाजू उन्हाला सामोरी असते.

मोतीबिंदूशी याचे साम्य केवळ दिसण्यापुरते नाही. डोळ्यातले भिंग गढूळ झाले की प्रकाश कमी पोहोचतो, आणि जो पोहोचतो तो विखुरतो. धुरकट हेडलाइटचेही तसेच. रस्त्यावर पडायचा प्रकाश आजूबाजूला फाकतो, गाडीसमोर पांढुरके धुके तेवढे दिसते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2018 मध्ये जुन्या, धुरकट दिव्यांची मोजणी केली, तेव्हा त्यातून नव्या दिव्याच्या सुमारे पाचवा हिस्सा प्रकाशच बाहेर पडत होता.

आता चालकाच्या डोळ्यांचा विचार करावा. वयाबरोबर अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश प्रकाश पडतो. दिवा पिवळा, भिंग पिवळे, त्यात पाऊस. ओल्या डांबरावरून प्रकाश आरशासारखा पुढे निसटतो, चालकाकडे परत फारसा येत नाही. पळस्पे फाटा सोडून कर्नाळ्याची झाडी लागली की शहराचे दिवे मागे राहतात आणि मग गाडीच्या स्वतःच्या उजेडाखेरीज आधार नसतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर कापते. कडेने चालणारा, काळी छत्री घेतलेला माणूस दीड सेकंद उशिरा दिसला, तर तेवढ्यात 33 मीटर गेलेले असतात आणि ब्रेकवर पाय अजून पडायचा असतो. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत 32 हजारांहून अधिक पादचारी होते. हे सगळे पिवळ्या दिव्यांमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण अपघातानंतर पंचनाम्यात ब्रेक पाहिले जातात, टायर पाहिले जातात. दिव्याची काच किती धुरकट होती, हा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाही.

तर घरच्या घरी काय करावे? आधी ओले बोट दिव्यावर फिरवावे. पाणी लागताच तेवढा भाग स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरचा आहे आणि घासण्याने फायदा होईल. तसाच गढूळ राहिला तर दोष आत आहे. पाणी शिरले असेल किंवा आतला चकचकीत परावर्तक काळवंडला असेल. तिथे कितीही टूथपेस्ट संपवली तरी उपयोग नाही. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, ती वरचा पातळ थर काढते, एवढेच. जास्त पिवळेपणाला रंगाच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर लागतो: भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावून आधी 800 किंवा 1000 नंबरचा, मग 2000, शेवटी 3000, आणि त्यानंतर रबिंग कंपाउंड. पाणी सतत ओतत राहायचे. कोरडे घासले तर काच तापते आणि प्लास्टिकची भुकटी नाकात जाते. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन यांच्या नादी लागू नये. पॉलिकार्बोनेट त्यांनी आतून तडकते. डास पळवणारे काही स्प्रे मारून काच क्षणात लख्ख करून दाखवणारेही असतात. ते रसायन प्लास्टिक विरघळवते, म्हणून ते चमकते.

इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि थांबतात. पण घासताना उरलासुरला संरक्षक लेपही गेलेला असतो. प्लास्टिक आता उन्हासमोर उघडे पडले. काही महिन्यांत दिवा पहिल्यापेक्षा लवकर पिवळा होतो आणि लोक म्हणतात, घरगुती उपाय टिकत नाहीत. अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट त्याच दिवशी, काच पूर्ण कोरडी करून चढवायला हवा. त्याशिवाय घासूच नये, हे बरे. हा कोट मोकळ्या हवेत, मुलांना दूर ठेवून लावावा. दोन भाग एकत्र करून फवारायच्या काही लेपांत आयसोसायनेट नावाची रसायने असतात. गाड्या रंगवणाऱ्या कारागिरांना त्यांच्यामुळे दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. कापडी मास्क ती वाफ अडवत नाही. असा प्रकार कारागिराकडेच सोपवावा, आणि त्याच्या तोंडावर योग्य मास्क आहे का तेही पाहावे.

सगळे नीट केले तरी दिवा नवा होत नाही. वर उल्लेखिलेल्या मोजणीत घासूनपुसून दुरुस्त केलेल्या दिव्यांचा प्रकाश नव्याच्या सुमारे 70 टक्क्यांपर्यंतच गेला, आणि त्यांनी समोरच्याचे डोळे दिपण्याचे प्रमाणही जास्त राहिले. तरीही पाचव्या हिश्श्यावरून 70 टक्के म्हणजे थोडे नव्हे. बारीक तडे खोल गेले असतील तर मात्र दोन्ही दिवे बदलावेत. याला पर्याय म्हणून धुरकट काचेमागे जास्त पॉवरचा बल्ब किंवा एलईडी बसवणे हा शुद्ध आडमुठेपणा आहे. विखुरणारा प्रकाश वाढतो, त्याचा त्रास समोरच्याला होतो.

सरकारी व्यवस्थेचे मौनही नवलाचे आहे. ट्रक, टॅक्सी, बस यांना ठरावीक काळाने फिटनेस तपासणी असते, त्यात दिवे पाहिले जातात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्या काळात तिचा दिवा कोणी पाहत नाही. पीयूसीसाठी ती दर वर्षी केंद्रावर जाते, तिथे धूर मोजतात, नंबर प्लेटचा फोटो काढतात आणि पावती देतात. त्याच केंद्रात भिंतीवर दोन रेघा आणि हजार-दोन हजार रुपयांचा प्रकाशमापक ठेवला, तर दिव्याचा उजेड आणि फोकस दोन्ही दोन मिनिटांत कळतील. धूर हळूहळू मारतो म्हणून त्याची मोजणी सक्तीची झाली. अंधार तर एका क्षणात मारतो.

तोवर निघण्याआधीच्या संध्याकाळी गाडी भिंतीसमोर सात-आठ मीटरवर उभी करून डिपर लावावा. दोन्ही झोत सारखे, खालच्या अंगाला आणि कडा स्पष्ट असलेले दिसायला हवेत. आणि पन्नाशी ओलांडलेल्या चालकाला समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसत असतील, तर गॅरेजबरोबर नेत्रतज्ज्ञाकडेही एक फेरी मारावी. तिथे वॉटर पेपर चालत नाही, पण भिंग बदलून मिळते, आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत बसवले जाते.