पुढचा वारा सुटण्याआधी बोला

कॅलिफोर्नियातल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

तुमच्याकडे सध्या आई-बाबा राहायला आले आहेत का? दिवसभर तुम्ही कामावर, मुलं शाळेत आणि घरात ते दोघंच. गाडी त्यांना चालवता येत नाही. फोनवर खणखणलेला इंग्रजी इशारा पटकन उमगत नाही. त्यांना डोळ्यांसमोर ठेवा आणि पुढचं वाचा.

७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेना गावाशेजारी, ईटन कॅन्यनमध्ये आग लागली. गावातल्या लेक ॲव्हेन्यू रस्त्याच्या पूर्वेकडे राहणाऱ्यांना घर सोडण्याचा इशारा त्याच संध्याकाळी मिळाला. पश्चिम अल्टाडेनातल्या लोकांना तो मिळाला पहाटे ३ वाजून गेल्यावर. तोवर तिथली घरं पेटली होती. जे दगावले, ते जवळजवळ सगळे पश्चिमेकडचे. त्यांत म्हातारी माणसं होती, अंथरुणाला खिळलेली होती.

हे दैव नाही. दैव म्हणू नका!

८ नोव्हेंबर २०१८ ला उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं. ८५ माणसं गेली. जवळपास शंभर वर्षं जुना, झिजलेला एक लोखंडी हूक तुटला होता आणि त्याच्यावर विजेची तार पेललेली होती. ८४ मृत्यूंबद्दल पीजी अँड ई या वीज कंपनीने २०२० साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. मग ८ ऑगस्ट २०२३ ला हवाईतलं लाहायना. सकाळची आग विझली असं समजून बंब परतले आणि दुपारी तीच आग पुन्हा भडकली. भोंगे होते, पण वाजलेच नाहीत. शंभरावर बळी गेले. त्या गावात १८७३ साली लावलेला एक वड आहे, त्याचं रोप भारतातून गेलेलं. तो होरपळला आणि नंतर त्याला पालवी फुटली. माणसांचं तसं होत नाही.

सुरुवातीला सगळे हळहळतात. कपडे, धान्य, पैसे गोळा करतात. तुम्हीही केलेत, मला ठाऊक आहे. पण पुढे चौकशीचे अहवाल येतात, तेव्हा सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्या असतात. आपली माणसं तर फारच गप्प. ‘आपण व्हिसावरचे, आपण कशाला बोलायचं?’ हे मी कितीदा ऐकलंय.

बोला. काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाच्या सभेत कुणालाही बोलता येतं. नागरिकत्व लागत नाही. मिनिट-दोन मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. विचारा: आमच्या गल्लीला इशारा कोण देणार? तो कुठल्या भाषांत येणार? ज्यांना चालता येत नाही त्यांना न्यायला कोण येणार? वारा सुटला की तारांतली वीज कोण तोडणार? विझलेल्या आगीवर पहारा किती दिवस? उत्तर मिळालं नाही तर पुढच्या सभेला पुन्हा विचारा.

आणि घरचं आजच करा. काउंटीच्या इशाऱ्यांसाठी आई-बाबांचा फोनही नोंदवा. छपराच्या पन्हळीतला पाचोळा काढा. घराच्या भिंतीपासून पाच फुटांत जळेल असं काही ठेवू नका. शेजारी एकट्या आजी राहत असतील, तर त्यांना कोण गाडीत घेणार हे आज रात्रीच ठरवा.

आगी भडकवणारे सांता आनाचे वारे दर वर्षी येतात. तुमच्या काउंटीच्या पुढच्या सभेची तारीख शोधा, आई-बाबांना सोबत घ्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसा.