प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. आजारी कोणीच नसते. गुणपत्रिकेची झेरॉक्स, दोन फोटो आणि एक छापील नमुना घेऊन मुले येतात. "डॉक्टर, फिटनेसवर सही द्या, आज शेवटची तारीख आहे." नमुन्यात उंची, वजन, छाती, नजर, रंगदृष्टी, ऐकू येणे असे रकाने असतात आणि बऱ्याचदा ते घरीच भरून आणलेले असतात. मी "बस, तपासतो" म्हटले की बरोबर आलेले वडील किंवा काका चुळबुळ करू लागतात. दुसरीकडे दोन मिनिटांत सही मिळते, असेही मला ऐकवले जाते. मिळते, हे खरेच आहे.

त्या कागदाचे पुढे काय होते? तो महाविद्यालयाच्या फाइलीत जातो. मुलाच्या शरीराबद्दल मात्र कोणालाच काही कळलेले नसते; मुलालाही नाही. माझे मत असे की, ही तपासणी वाट निवडण्याआधी व्हायला हवी, आणि आपल्याकडे ती वाट चालून झाल्यावर होते.

भरतीचा क्रमच पाहा. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या जागेसाठी आधी आयटीआय किंवा पदविका हवी, मग संगणकावरच्या परीक्षा, मग कागदपत्रे आणि सगळ्यात शेवटी वैद्यकीय तपासणी. पोलीस भरतीत मैदानी चाचणी, लेखी परीक्षा आणि शेवटी वैद्यकीय. सरकारच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. लाखो अर्जदारांना आधीच तपासणार कोण? पण ज्या घरातला मुलगा अर्ज करतो, त्या घराला हा क्रम फार महाग पडतो.

माझ्या माहितीतला एक मुलगा. घरची दोन एकर जिरायत. दहावीनंतर आयटीआय केले, मग शहरात खोली घेऊन रेल्वेच्या परीक्षेची तयारी. सगळे मिळून पाच वर्षे गेली. परीक्षा पास झाला, गावात पेढे वाटले गेले, आणि वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा निघाला. लाल सिग्नल आणि हिरवा सिग्नल ओळखणे हेच ज्या नोकरीचे मूळ काम, तिथे दुसरा निर्णय होऊच शकत नव्हता. त्याची आई नंतर मला म्हणाली, "लहानपणी मिरची तोडायला नेले की हा पिकलेली लाल मिरची झाडावर तशीच ठेवायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो." म्हणजे निदान मिरचीच्या वाफ्यात आठव्या-नवव्या वर्षीच झाले होते. फक्त ते निदान आहे हे कोणाला ठाऊक नव्हते.

रंगांधळेपणा म्हणजे जग काळेपांढरे दिसणे नव्हे. बहुतेकांना लाल, हिरवा आणि तपकिरी यांच्या काही छटांत फरक करता येत नाही, एवढेच. आपल्याकडे शंभर मुलांत साधारण दोन ते चार जणांना हा दोष असतो, मुलींत तो फारच क्वचित आढळतो. सत्तर मुलांच्या वर्गात असे दोनेक तरी असणार. मुलगा "पान हिरवे, रक्त लाल" हे ऐकून शिकलेला असतो, त्यामुळे तो नावे बरोबर सांगतो आणि त्याला स्वतःलाही शंका येत नाही. हा दोष जन्मतः असतो, औषधाने किंवा शस्त्रक्रियेने जात नाही. मुलाला तो आईकडून येतो, पण आईला स्वतःला बहुधा नसतो. तिच्या वडिलांना किंवा भावाला असतो. (म्हणून आईला बोल लावण्याचे कारण नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण घराघरांत ते होते.)

तपासणीची पद्धत साधी आहे. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली रंगीत ठिपक्यांच्या चित्रांचे पुस्तक तयार केले, तेच आजही वापरतात. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा. दोन-तीन मिनिटांचे काम. मोबाइलच्या पडद्यावर पाहून मात्र खात्री मानू नये, त्यात रंग बदलतात. काही हुशार मंडळी त्या पुस्तकातले आकडे पाठ करून जातात असे कानावर येते. रेल्वेच्या वरच्या श्रेणीत रंगीत दिव्याचीही परीक्षा असते, तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही. आणि समजा पडले, तरी त्या इंजिनामागच्या डब्यांत आपलीच माणसे बसलेली असतात.

हा दोष निघाला म्हणजे सगळ्या वाटा बंद झाल्या असे मात्र मुळीच नाही, आणि हेच पालकांना सांगावेसे वाटते. लोको पायलट, वैमानिक, जहाजाच्या डेकवरचे काम, पोलीस आणि सैन्यातल्या बऱ्याच जागा यांचा नाद सोडावा. वायरमनच्या कामातही तारांचे रंग ओळखावे लागतात, तेव्हा तिथे विचार करावा. पण वाणिज्य, कायदा, शिक्षण, बँक, पतसंस्था, संगणकाचे बहुतेक काम, व्यापार, शेतीपूरक धंदे हे सगळे उघडे आहे. रेल्वेतही लिपिकवर्गाच्या जागांना हा नियम इतका कडक नाही. डॉक्टर होण्याला पूर्वी काही ठिकाणी आडकाठी होती. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा विद्यार्थ्यांना एमबीबीएसला प्रवेश देण्याचा आदेश दिला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमाला असा प्रवेश नाकारला होता, तेही २०२२ साली न्यायालयाने चुकीचे ठरवले. सौम्य आणि मध्यम दोष असणाऱ्यांना वाहन परवाना मिळण्याची सोय २०२० पासून आहे. तेव्हा कुठे नियम योग्य आहे आणि कुठे नुसती जुनी सवय आहे, हे पाहून भांडावेही लागते. पण त्यासाठी आधी कळायला तर हवे!

वर सांगितलेल्या मुलाने नंतर बी.कॉम. केले. आज तो एका पतसंस्थेत आहे, हिशेबात पक्का आहे. पाच वर्षे उशिरा, इतकेच.

नजरेचेही तेच. लोको पायलटला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना सहा बाय सहा दिसावे लागते आणि लेसरने नंबर काढलेला चालत नाही. कोणीतरी सांगते म्हणून पोरे कर्ज काढून नंबर काढून येतात आणि तिथेच अपात्र ठरतात. आधी नियम वाचा, मग डोळ्याला हात लावा.

दुसरीकडे, पुष्कळ गोष्टी दुरुस्त होणाऱ्या असतात. कानातला मळ, वाहणारा कान, मूळव्याध, हायड्रोसील, हर्निया, वाढलेले वजन यांवर आधी उपचार झाले तर मुलगा शेवटच्या क्षणी मागे फिरत नाही. हायड्रोसील लाजेपोटी लपवलेले असते आणि सैन्याच्या डॉक्टरांपुढेच पहिल्यांदा उघड होते. उंची मात्र वाढवता येत नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाला मुलांची १६५ सेंटिमीटर लागते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची १६२ असेल, तर ती वाढवण्याच्या पावडरी विकणाऱ्याच्या नादी लागू नये.

मुलींबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अलीकडे भरतीच्या मैदानावर त्या मोठ्या संख्येने दिसतात आणि त्याचा मला आनंद आहे. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावायचे असते. पहाटे उठून महिनोन्महिने सराव करणाऱ्या मुली "दम लागतो, पाय भरून येतात, वेळ कमीच होत नाही" म्हणून येतात. सराव वाढवा, असा सल्ला त्यांना मिळालेला असतो. रक्त तपासले की हिमोग्लोबिन नऊ. ते बारा तरी हवे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी जवळजवळ ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळले. अशा शरीराला आणखी पळवणे म्हणजे तेल नसलेल्या गाडीचा गिअर बदलत बसणे. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या दोन-तीन महिने नेमाने घ्याव्यात, गोळीनंतर तासभर चहा घेऊ नये, पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. वेळ त्यानंतर कमी होतो, हे मी पाहिले आहे.

भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकादम्या आता तालुक्याच्या गावीही आहेत. काही चांगल्या आहेत. पण फी घेण्याआधी मुलाची उंची, नजर, रंगदृष्टी पाहणे त्यांना कठीण नाही. तीन मिनिटांचे काम आहे. ते न करता वर्षाची फी घेणे याला मी फसवणूकच म्हणेन. धावण्याआधी वेदनाशामक किंवा उत्तेजक इंजेक्शन घेण्याचा प्रकारही बंद झाला पाहिजे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचे मृत्यू झाले, त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. उन्हात, उपाशी आणि तयारीविना धावणेच धोक्याचे असते. त्यात औषधाने दुखणे आणि थकवा लपवला तर शरीराने दिलेली सूचनाही कळत नाही.

खरे तर हे काम दहावीतच व्हावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत जातात, कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मुख्याध्यापकांनी आग्रह धरला आणि इशिहाराचे एक पुस्तक शाळेत ठेवले, तर एका दुपारी अख्खा वर्ग तपासून होईल. शाखा निवडण्याआधी मुलाच्या हातात तो कागद असेल.

यंदा ज्यांचा निकाल लागला आहे त्यांनी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या नेत्र विभागात जावे. दिवसाच्या चांगल्या उजेडात जावे, चष्मा असेल तर बरोबर न्यावा, हिमोग्लोबिनही त्याच फेरीत करून घ्यावे. आणि घरून निघताना आईला तिच्या वडिलांबद्दल आणि मामांबद्दल विचारून जावे. रंगांची गल्लत करणारा एखादा मामा पुष्कळ घरांत निघतो.