घरचा सर्व्हर बंद, पण टपाल चालू

 

या सदरात आम्ही घरातल्या यंत्रांविषयी चार गोष्टी सोप्या करून सांगतो. या वेळचा विषय आहे ईमेलचा. आपल्यापैकी बहुतेकांची ईमेलची पेटी एखाद्या मोठ्या कंपनीकडे असते. पण काही घरांत मुलांनी किंवा नातवंडांनी इंटरनेटवर कुटुंबाचं स्वतःचं नाव घेतलेलं असतं आणि सगळी पत्रं घरातच, कपाटातल्या एका लहानशा कॉम्प्युटरवर उतरतात. त्यालाच घरचा सर्व्हर म्हणायचं. यात आपली पत्रं आपल्याच घरात राहतात, हा मोठा फायदा. पण मग पोस्टमास्तरही आपणच! खश्मल गेला, राऊटर बिघडला, घर बदललं, तर त्या वेळात ठाण्याहून मावशीने पाठवलेलं पत्र कुठे जातं? हरवतं का?

थोडक्यात उत्तर असं, की बहुधा हरवत नाही. पण त्यासाठी काही गोष्टी आधीच करून ठेवाव्या लागतात.

पत्र वाट पाहतं

पहिलं ईमेल 1971 साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने पाठवलं. ज्या दोन यंत्रांमध्ये ते गेलं ती एकाच खोलीत शेजारी शेजारी होती! पत्त्याच्या मधलं ते गोल वेटोळ्याचं चिन्ह त्यानेच निवडलं. पुढे 1982 मध्ये जॉन पोस्टेल याने टपाल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसं न्यायचं याचे नियम लिहून काढले. त्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. त्या काळी यंत्रं वारंवार बंद पडत, लाइनी तुटत. म्हणून पद्धतच अशी ठेवली गेली, की समोरच्याने दार उघडलं नाही तर पत्र फेकायचं नाही. जवळ ठेवायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा खटखट करायची.

कोकणातल्या गावातला पोस्टमन आठवा. घराला कुलूप दिसलं की तो पत्र पिशवीत परत घालायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. हेही तसंच. 2008 साली हे नियम पुन्हा नीट लिहिले गेले. त्यात सांगितलं आहे, की दोन फेऱ्यांमध्ये साधारण निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवावं आणि निदान 4 ते 5 दिवस तरी प्रयत्न सोडू नये.

म्हणजे दोन तास वीज गेली तर काहीच करायला नको. वीज आली की साठलेली पत्रं एकामागून एक येतात. पाठवणाऱ्याला मधेच एखादी सूचना जाते, की तुमचं पत्र अजून पोहोचलेलं नाही. आपल्या भारतातल्या नातेवाइकांना सांगून ठेवा, की ही सूचना म्हणजे पत्र बुडालं असं नाही. घाबरून तेच पत्र तीनदा पाठवलं तर नंतर तिन्ही येऊन पडतात.

तीन दिवसांचा सण

पण नियमात लिहिलं आहे म्हणून सगळेच तसं वागतात असं नाही. काही सेवा दोन-तीन दिवसांतच हात टेकतात आणि पत्र परत पाठवतात. आता 2024 सालचा आपला नव्या वर्षाचा सण आठवा. रोश हशाना 2 ऑक्टोबरला बुधवारी संध्याकाळी लागला, गुरुवार-शुक्रवार सण, आणि लगेच त्याला जोडून शब्बाथ. म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंत तीन दिवस! बुधवारी दिवे लावल्यावर जर कपाटातलं यंत्र बंद पडलं, तर सण पाळणाऱ्या घरात त्याला हात कोण लावणार? आपल्या वाडवडिलांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. घाणा थांबला तरी गिऱ्हाईक रविवारी येई. तीन दिवस थांबलेलं प्रत्येक पत्र मात्र परत येईलच, याची हमी नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत सगळीकडून शाना टोवाच्या शुभेच्छा येत असतात.

म्हणून ज्यांच्या घरी सर्व्हर आहे त्यांनी दुसरी सोय करावीच.

शेजाऱ्याकडे पत्र ठेवणं

कुलूप असलं की पोस्टमन शेजारी पत्र देऊन जात असे. ईमेललाही असा शेजारी देता येतो. इंटरनेटच्या पत्त्याच्या वहीला डीएनएस म्हणतात. त्यात आपल्या नावापुढे एमएक्स नावाची नोंद असते: या घरचं टपाल अमुक यंत्रावर न्या. ही सोय 1986 पासून आहे. अशा नोंदी एकापेक्षा जास्त करता येतात आणि प्रत्येकीला एक आकडा देतात. लहान आकड्याचं दार आधी वाजवायचं. घरच्या सर्व्हरला 10 आणि शेजाऱ्याला 20 आकडा दिला, की घर बंद असताना टपाल आपोआप शेजाऱ्याकडे जातं आणि घर उघडलं की तो ते आणून देतो.

शेजारी निवडताना तीन गोष्टी बघा. पहिली, तो विश्वासाचा हवा, कारण पत्रं त्याच्या हातातून जाणार. दुसरी, तुमच्या घरात कोणाकोणाच्या नावाची पेटी आहे ती यादी त्याच्याकडे हवी. नाहीतर तो वाटेल त्या नावाची पत्रं घेत बसतो आणि मग खोट्या पत्त्यांवर ती परत पाठवत राहतो. तिसरी, कचरा पत्रं अडवण्याची जाळी त्याच्याकडेही घरच्याइतकीच बारीक हवी. फसवे लोक मुद्दाम मागच्या दाराने येतात.

दुसरा मार्ग म्हणजे टपाल कंपनीकडे एक पेटी घेऊन शेजारी म्हणून तीच लावायची. मग घरचं यंत्र बंद असलं तरी त्या काळातली पत्रं तिथे उघडून वाचता येतात. ज्येष्ठांसाठी आम्हाला हाच मार्ग सोयीचा वाटतो.

अर्धवट चालू ठेवू नका

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सर्व्हर पूर्ण बंद असेल तर पत्र वाट पाहतं. पण सर्व्हर चालू आहे आणि आतली पेट्यांची यादी नाहीशी झाली आहे, तर तो दार उघडतो आणि सांगतो, "या नावाचं इथे कोणी राहत नाही!" नियमांत 4 ने सुरू होणारा आकडा म्हणजे "नंतर या", आणि 5 ने सुरू होणारा म्हणजे "पुन्हा येऊ नका". 5 चं उत्तर मिळालं की पत्र त्याच क्षणी परत जातं. म्हणून दुरुस्ती चालू असेल तर टपाल घेण्याचं काम पूर्ण थांबवा. सगळं तपासून झाल्यावरच दार उघडा.

पत्त्याची वही घराबाहेर

पत्त्याची वही, म्हणजे डीएनएस, त्याच घरच्या यंत्रावर ठेवू नका. यंत्र बंद पडलं की घराचा पत्ताच जगाला सापडेनासा होतो आणि शेजाऱ्याचाही उपयोग राहत नाही. तसंच इंटरनेटवरच्या नावाचे पैसे वेळेवर भरा. ते नाव गेलं तर साठवलेलं टपालही कोणाला द्यायचं ते कळणार नाही.

घर बदलणार असाल तर आणखी एक. वहीतली प्रत्येक नोंद इतर यंत्रं काही वेळ आपल्याजवळ लक्षात ठेवतात. तो वेळ सेकंदांत लिहिलेला असतो. 86400 म्हणजे पूर्ण एक दिवस, 300 म्हणजे पाच मिनिटं. हा आकडा सामान हलवण्याच्या दोन-तीन दिवस आधीच लहान करावा. नवा पत्ता मग लवकर पसरतो. पुष्कळ घरांना मिळालेला इंटरनेटचा पत्ता कायमचा नसतो हेही लक्षात ठेवा. राऊटर बंद करून पुन्हा लावला की तो बदलू शकतो आणि टपाल परक्याच्या दारावर जाऊ शकतं.

जुनी पत्रं आणि तातडीची पत्रं

सर्व्हर बंद असताना जुनी पत्रं वाचायची तर फोनवर किंवा लॅपटॉपवर त्यांची प्रत उतरवून ठेवण्याची सोय आधीच चालू करून घ्या. पाठवायचं असेल तर दुसऱ्या एखाद्या खात्यावरून पाठवा आणि पत्रात आपलं नाव स्पष्ट लिहा, म्हणजे समोरचा ओळखेल.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. वरची सगळी व्यवस्था पत्र वाचवते, वेळ वाचवत नाही. आपल्यात दफन शक्य तितक्या लवकर करतात. लेवायाची वेळ सांगणारं पत्र दुसऱ्या दिवशी पोहोचलं तर ते सुखरूप येऊनही कामाचं नाही. शेवटचं दर्शन चुकलं ते चुकलंच. म्हणून मृत्यूची बातमी, आजारपण, विमानाची वेळ या गोष्टी केवळ ईमेलवर सोडू नयेत. फोन करावा. जवळच्या दहा माणसांचे नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावावेत, कारण वीज गेली की फोनची बॅटरीही फार वेळ टिकेल असं नाही.

कपाटाच्या दारावर लावायला

1. राऊटर आणि सर्व्हर दोन्ही यूपीएसवर. त्यातला एकच लावून उपयोग नाही.
2. शेजारी सर्व्हर ठरवला आहे का? त्याच्याकडे नावांची यादी आहे का?
3. सणाआधी दोन दिवस एक चाचणी: घरचा सर्व्हर तासभर बंद ठेवा, बाहेरच्या खात्यावरून पत्र पाठवा आणि सर्व्हर चालू केल्यावर ते येतं का बघा.
4. पासवर्ड आणि नावाच्या नोंदणीचे कागद घरातल्या दोघांना तरी माहीत हवेत. यंत्र लावणारा मुलगा परदेशी गेला तर आजी-आजोबा अडायला नकोत.

बालमित्रांसाठी

मुलांनो, ईमेलच्या पत्त्यातल्या त्या वेटोळ्याला आपण हिब्रूत 'श्त्रुडेल' म्हणतो, ते सफरचंदाच्या गुंडाळीसारखं दिसतं म्हणून. त्याचा शुद्ध हिब्रू शब्द आहे 'कृखीत'. आजीला विचारा, तिला यातला कोणता माहीत आहे. आणि तिला करंजीपेक्षा श्त्रुडेल जास्त आवडतं का तेही विचारा!

आता एक गणित. शुक्रवारी दुपारी 4 वाजता टपालवाल्या यंत्राने घरच्या सर्व्हरचं दार पहिल्यांदा वाजवलं. दार बंद. मग दर अर्ध्या तासाने ते वाजवत राहिलं. शनिवारी संध्याकाळी 6 वाजता दार उघडलं. तर ते किती वेळा रिकाम्या हाती परत गेलं?

(उत्तर: 52 वेळा. 53 व्या वेळी पत्र मिळालं. खरी यंत्रं हळूहळू दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढवत नेतात, म्हणून त्यांच्या फेऱ्या कमी होतात.)

पुढच्या अंकात जुन्या फोटोंचा विषय घेऊ: भारतातून आणलेले लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर कसे उतरवायचे आणि कसे जपायचे. तोवर आपले प्रश्न कळवत राहा, हाताने लिहिलेलं पत्रही चालेल. सगळ्यांना शब्बाथ शालोम!