थंडी, चॉकलेट आणि ‘औषधापुरती’ ब्रँडी

मागच्या आठवड्यात एक ओळखीच्या बाई दवाखान्यात आल्या. सर्दीचे औषध लिहून घेतले, उठता उठता पुन्हा बसल्या आणि आवाज जरा उतरवून म्हणाल्या, “डॉक्टर, एक विचारू का? लेक-जावई पुण्याहून येताहेत. जावईबापू म्हणतात, आई, या वेळी रम घातलेलं हॉट चॉकलेट करू, सगळ्यांची सर्दी पळून जाईल. घरात सासूबाई आहेत, दोन नातवंडं आहेत. सगळ्यांना थोडं थोडं दिलं तर चालेल ना? औषधच आहे म्हणतात.”

चॉकलेटबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जावईबापूंच्या रमबद्दलही फारशी नाही. हरकत आहे ती ‘औषधच आहे’ या शब्दांना, आणि ‘सगळ्यांना थोडं थोडं’ या त्याहून धोक्याच्या शब्दांना.

आपल्याकडची थंडी काही थट्टेची नव्हे. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावर निफाडचे तापमान नोंदले जाते आणि पारा पाच-सहा अंशांवर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर छापून येते. बागाईतदार द्राक्षे वाचवण्यासाठी रात्री बागेत शेकोट्या पेटवतो. अशा दिवसांत माणसाला काही तरी गरम, गोड, दाट प्यावेसे वाटणे अगदी साहजिक आहे. कोजागरीला आपण आटवलेले मसाल्याचे दूध पितो, त्याचाच हा परदेशी चुलतभाऊ म्हणा ना.

पण ब्रँडीची गोष्ट वेगळी आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरात दारू हा शब्द कोणी उच्चारत नसे. तरीही फडताळात सुंठ-जायफळाच्या डब्यांमागे ब्रँडीची एक चपटी बाटली असे. बाळंतिणीला चमचाभर, आजोबांना दम लागला की चमचाभर, आम्हा मुलांना पडसे झाले की गरम पाण्यातून चमचाभर. त्या बाटलीला घरात कोणी दारू म्हणत नव्हते. वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी ती बाटली आजही असेल.

गंमत अशी की आपला कायदाही याच भाषेत बोलतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे, फक्त नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी कायदा झाले आहे. त्याप्रमाणे पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो दिला जातो आरोग्य राखण्याच्या कारणासाठी! परमिट रूममध्ये बसलेली सगळी मंडळी कागदोपत्री आपली प्रकृती सांभाळत असतात. त्या कागदावर आम्हा डॉक्टरांचा सल्ला कोणी विचारलेला नसतो, हे आपले जाता जाता.

मी स्वतः या बाबतीत एकदा चुकलो आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. निफाड तालुक्यातले एक शेतकरी आजोबा तपासायला येत. थंडीत छाती भरते म्हणून त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, रात्री चमचाभर ब्रँडी घेतली तर?” दवाखान्यात गर्दी होती. मी मान वर न करता म्हणालो, “घ्या, काही होत नाही.” एवढेच बोललो, आणि विसरून गेलो.

पुढच्या जानेवारीत त्यांच्याच घरचे चार महिन्यांचे बाळ पहाटे माझ्याकडे आणले. गोधडीत गुंडाळलेले, अंग गार, हाक मारली तरी डोळे उघडेना. नाक वाहत होते म्हणून आजीने तिन्हीसांजेला दुधातून एक चमचा ब्रँडी दिली होती. मध्यरात्री बाळ कण्हायला लागले म्हणून आणखी एक. छातीला आणि तळपायांनाही चोळली होती. मी साखर तपासली. यंत्रावर आकडा दिसला ३४. सलाइनमधून ग्लुकोज सुरू केले आणि त्याच गाडीने त्यांना सिव्हिल हॉस्पिटलला पाठवले. बाळ वाचले. नंतर मी आजींवर रागावलो, तर त्या म्हणाल्या, “तुम्हीच तर आमच्या ह्यांना सांगितलं होतं, काही होत नाही म्हणून.” यावर मला काही उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून मी हा हिशेब रुग्णांना कागदावर मांडून दाखवतो. ब्रँडी-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असे छापलेले असते. म्हणजे ५ मिलीलिटरच्या एका चमच्यात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल आले. पाच किलोच्या बाळाच्या अंगात ते पसरले की दर १०० मिलीलिटर रक्तात सुमारे ४५ मिलिग्रॅम होते. आता मोटार वाहन कायदा पाहा. गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसाच्या रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळले तर तो गुन्हा. म्हणजे ज्या प्रमाणाला हवालदार धडधाकट ट्रक ड्रायव्हरला खाली उतरवतो, त्याच्या दीडपट आपण एका चमच्यात तान्ह्या बाळाला देतो. बाळाचे यकृत अजून कच्चे असते. ते अल्कोहोलच्या निचऱ्यात गुंतले की नवी साखर तयार करण्याचे काम मागे पडते. रात्री बाळ दूध न पिता झोपून राहते, साखर उतरत जाते, आणि घरचे म्हणतात, बघा, किती शांत झोपलंय! चोळण्याचेही तसेच. कोवळ्या कातडीतून अल्कोहोल आत शिरते, आणि वरचे उडून जाताना अंगाची ऊब घेऊन जाते.

मग ब्रँडी घेतल्यावर गरम वाटते ते खोटे का? वाटते ते खरेच. अल्कोहोलने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले ऊन रक्त कातडीकडे येते, कान-गाल लाल होतात, ऊब जाणवते. पण ती ऊब आतल्या साठ्यातली असते आणि कातडीवरून हवेत निघून जाते. शिवाय थंडीने अंगात भरणारी हुडहुडी, जी शरीराची स्वतःची शेगडी आहे, तीही मंदावते. बंद खोलीत रजईत बसलेल्या माणसाचे याने फारसे बिघडत नाही. ज्याला पिऊन रात्री बागेत पाणी द्यायला जायचे आहे, किंवा वॉचमन म्हणून गेटवर बसायचे आहे, त्याचे बिघडते.

गळ्यात ब्रँडीचे पिंप बांधलेला, बर्फात अडकलेल्यांना वाचवणारा सेंट बर्नार्ड कुत्रा तुम्ही चित्रात पाहिला असेल. आल्प्स पर्वतातल्या मठातली ती कुत्री खरी, त्यांनी माणसे वाचवली हेही खरे. पिंप मात्र एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने १८२० साली एका चित्रात काढले, आणि तिथून ते जगभर पसरले. गारठलेल्या माणसाला त्या पिंपातली ब्रँडी पाजली असती तर तो आणखी गारठला असता.

सर्दीचे म्हणाल तर रम, ब्रँडी, व्हिस्की, कशानेही सर्दीचा एक दिवस कमी होत नाही. गरम पाण्याने घसा शेकतो, मधाने खोकला थोडा निवळतो (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको), झोपेने अंगदुखी उतरते. श्रेय मात्र ब्रँडी घेऊन जाते.

चॉकलेटचा इतिहास तर या बाबतीत फारच मजेदार आहे. बर्मिंगहॅममध्ये जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली दुकान काढले, ते चहा, कॉफी आणि पिण्याचे चॉकलेट विकायला. ते क्वेकर पंथाचे, दारूबंदीचे पक्के पुरस्कर्ते. लोकांनी गुत्त्याऐवजी या गरम पेयांकडे वळावे ही त्यांची इच्छा. फ्राय आणि राउनट्री ही चॉकलेटवाली घराणीही क्वेकरच. दारू सुटावी म्हणून ज्यांनी कोको लोकांच्या हाती दिला, त्यांच्याच कोकोत आता आपण रम ओततो आहोत!

तर त्या बाईंना मी काय सांगितले? चॉकलेट जरूर करा, आणि चांगले दाट करा. दोन कपांना ४०० मिलीलिटर म्हशीचे किंवा सायीसकट दूध घ्या. त्यातले चार चमचे गार दूध बाजूला काढून त्यात एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर कालवा. उरलेले दूध मंद आचेवर तापले की ६० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक करून घाला. ते नसेल तर दोन मोठे चमचे साधी कोको पावडर आणि तेवढीच साखर चालते, पण पावडर आधी थोड्या दुधात खललेली हवी, नाही तर गुठळ्या होतात. आता कालवलेले कॉर्नफ्लोअर सोडा, चिमूटभर मीठ टाका आणि रवीने घुसळत राहा. मीठ विसरू नका, चॉकलेटची चव त्याने उघडते. उकळी फुटू लागली की दोन मिनिटांत उतरवा. वरून जायफळ किसा. ताकाच्या रवीने जो फेस येतो तो कॉलेज रोडच्या कॅफेतल्या यंत्रालाही येत नाही, असे माझे मत आहे.

हे पातेले सगळ्या घराचे. त्यात रम-ब्रँडीचा थेंब नको. ज्या मोठ्या माणसाला हवी त्याने आपल्या कपात, गॅसवरून उतरवल्यानंतर घालावी. माप ३० मिलीलिटर, त्याहून जास्त नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे १० मिलीलिटरचे टोपण असते ना, त्याने तीनदा मोजावी. डोळ्यांच्या अंदाजाने ओतणाऱ्याचा हात नेहमी सैल असतो.

“पण उकळलं की दारू उडून जाते ना?” बाईंनी विचारले. पुष्कळांचा हा समज आहे. अमेरिकेच्या शेती खात्याच्या तक्त्याप्रमाणे उकळत्या पदार्थात घालून लगेच खाली उतरवली तर सुमारे ८५ टक्के अल्कोहोल तसेच राहते, आणि पाव तास शिजवले तरी ४० टक्के उरते. तेव्हा पातेल्यात घालून ‘आता मुलांनाही चालेल’ असे म्हणता येणार नाही. आणखी एक नाशिककर म्हणून सांगतो. आपल्याकडे वाइन सहज मिळते, पण ती दुधात घालू नका. वाइन आंबट असते, दूध फाटेल.

त्या ३० मिलीलिटरमध्ये १० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे ७० कॅलरी, आणि दूध-चॉकलेटच्या कॅलरी वेगळ्या. सगळे मिळून एक कप चारशेच्या घरात जातो. रात्रीच्या जेवणावर हा कप घेतला तर दुसरे जेवणच झाले. दोन कप पिऊन स्कूटरला किक मारायची नाही. बेताच्या वजनाच्या बाईमाणसाच्या रक्तात तर एका कपानेही कायद्याची रेघ गाठली जाते.

काही माणसांच्या कपात मात्र एक थेंबही नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, यकृताचे रुग्ण, आणि ज्यांची दारू मोठ्या कष्टाने सुटली आहे ते. घरात असा कोणी असेल तर त्या दिवशी बाटली बाहेरच काढू नये, त्याच्यासमोर वास दरवळवणे ही क्रूर चेष्टा आहे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडच्या गोळ्या घेणारे, कारण साखर रात्री एकदम उतरू शकते. झोपेच्या गोळ्या घेणारे. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असलेले. आणि हे नीट ऐका, सर्दीची गोळी घेतलेले. त्या गोळीत बहुधा झोप आणणारे औषध असते, वर रम म्हणजे झापड दुप्पट. म्हणजे पाहा, सर्दीसाठी रम घ्यायला निघालेला माणूस नेमका तो आहे ज्याने ती घेऊ नये. ज्यांना आंबट ढेकरा आणि छातीत जळजळ आहे त्यांनी चॉकलेटही जपून घ्यावे, दोन्ही गोष्टी जठराच्या वरची झडप सैल करतात. द्राक्षासवासारख्या आसवांतही अल्कोहोल असते आणि बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, तीही वाचत जा.

परवा त्या बाई पुन्हा भेटल्या. चॉकलेट झकास झाले म्हणाल्या. जावईबापूंनी टोपणाने मोजून आपल्या कपात घातली, लेकीने नको म्हटले, नातवंडांनी पातेले चाटून पुसून साफ केले. सासूबाई तेवढ्या फुगून बसल्या. “माझ्यात का नाही घातली? मला तर औषध म्हणून चालते,” असे त्यांचे म्हणणे. वय ७८, साखरेची गोळी सकाळ-संध्याकाळ. त्यांची बाटली देवघराच्या खालच्या कप्प्यात गेली चाळीस वर्षे आहे. या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे, रक्तदाब तपासायला. बाटलीचा विषयही काढून बघतो.