दहावा माणूस पायरीशी अडला, तर प्रार्थनेचं काय?

ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहांच्या जमावाला ‘मिन्यान’ म्हणतात. चिपळूणच्या उत्तरेला, रायगड जिल्ह्यात बेने इस्रायलांची जुनी वस्ती आहे. अलिबागेत तर ‘इस्रायल आळी’च आहे. पण १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आता दहा माणसं जमवणं हीच कसरत. नऊ आले आणि दहावे आजोबा गुडघ्यांमुळे पायरीशी अडले, तर त्या दिवशी तोरा उघडत नाही. मोठ्या समाजात एकाची गैरहजेरी खपून जाते, इथे नाही.

अडचण नेमकी कुठे?

तोरा वाचायची जागा, म्हणजे तेबा, बहुधा उंचावर असते. जुन्या सिनेगॉगांत बायकांची जागा बऱ्याचदा वरच्या सज्जात असते. दहांत त्यांची मोजणी नाही, वर जिनाही त्यांनीच चढायचा! शब्बाथला परंपरेने वीज हाताळत नाहीत. त्यामुळे माइक नाही आणि कमी ऐकू येणाऱ्याला प्रार्थना पोहोचत नाही.

धर्म आड येतो का?

फारसा नाही. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, ही तोरातलीच आज्ञा. मोशेची जीभ जड होती, म्हणून बोलायला अहरोन सोबत दिला गेला. मूकबधिरांना मात्र जुन्या धर्मशास्त्राने दहांत धरलं नव्हतं. पुढे अनेक रब्बींनी त्याचा फेरविचार केला.

बेने इस्रायलांचा मलिदा घरीच होतो. पोहे, खोबरं, गूळ, फळं मांडून एलियाहू हन्नाबीचं स्मरण करतात, आणि अंथरुणाला खिळलेला माणूसही त्यात असतो. आपल्याकडे शिमग्यात पालखी घरी येते, तसंच. रीत सुंदर आहे. पण ‘देव घरी येतो ना, मग देवळात कशाला?’ असं म्हणायला ती वापरली जाते, तिथे माझा आक्षेप आहे. माणसाला देवाइतकीच माणसंही भेटायची असतात.

कायदा काय सांगतो?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत धार्मिक वापराच्या खासगी इमारतीही येतात. सिनेगॉग, देऊळ, मशीद, सगळंच. सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीचे नकोत, बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये बजावलं. विश्वस्तांना हे माहीत नसतं, असं मला वाटत नाही. ‘आमच्याकडे असं कुणी येत नाही’ हे उत्तर तयार असतं. पायऱ्या असताना येणार कसं?

जुन्या वास्तूत तोडफोड नको असेल, तर उचलून ठेवता येणारा रॅम्प चालतो. वाचनाचं मेज खाली मांडता येतं. रॅम्पचा हिशेब साधा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. चिपळुणात नवा सभामंडप बांधणाऱ्यांनी ही जागा नकाशातच धरावी. फरशी बसल्यावर ती सापडत नाही.