न जेवण्याचं कौतुक

नवरात्रात हिंगोलीचं रामलीला मैदान गजबजलेलं असतं. तिथल्या दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. त्याच दिवसांत घरोघरी बायका-मुलींचे उपवास चालू असतात. कुणाचा उठता-बसता, कुणाचे नऊही दिवस, कुणी नुसत्या फळांवर. जी कडक धरते तिचं नाव जास्त निघतं. पुढे तुळशीचं लग्न लागलं की याच घरांत स्थळं बघायला सुरुवात होते. पाहुणे येऊन जातात, मध्यस्थाकडून ‘मुलगी जरा अंगानं सुटलीय’ असा निरोप येतो आणि ती मुलगी रात्रीची भाकरी सोडते. तेव्हाही तिचं कौतुकच होतं. आपल्याकडे मुलीच्या न जेवण्याला इतक्या बाजूंनी शाबासकी मिळते, की त्या न जेवण्याचा आजार झाला तरी तो घराला, कॉलेजला आणि पुष्कळदा डॉक्टरलाही दिसत नाही. मला काळजी वाटते ती याची.

हा आजार खरा आहे आणि जीवघेणा आहे. अ‍ॅनोरेक्सियामध्ये मुलगी खाणं इतकं तोडते की पाळी थांबते, हृदयाचे ठोके मंदावतात, हाडं ठिसूळ होतात. बुलिमियामध्ये ती एकटीच भरमसाट खाते, मग ओकून काढते, आणि वजन फारसं बदलत नसल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. मानसिक आजारांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या आजारांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते. त्याच्या मुळाशी शरीराची ठेवणही असते, पण भोवतालचा समाज किती हातभार लावतो हे फिजी बेटांवर स्पष्ट दिसलं. तिथल्या नाद्रोगा भागात 1995 साली टीव्ही पोहोचला. भरदार अंगाला मान देणारा तो समाज. संशोधक अ‍ॅन बेकर यांनी टीव्ही येताच आणि पुन्हा तीन वर्षांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याची वृत्ती बिघडल्याची लक्षणं दाखवणाऱ्या मुली 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम ओकणारी 1995 मध्ये एकही नव्हती, 1998 मध्ये अशा मुली 11.3 टक्के झाल्या. पाहणी लहान होती, दोन्ही वेळी साठ-पासष्ट मुलींची, तरी तिचा रोख विसरता येत नाही. टीव्ही निदान दिवाणखान्यात सगळ्यांसमोर लागायचा. आज मोबाइल कळमनुरीतही उशाशी असतो, सेनगावातही, आणि त्यात काय दिसतं हे एकट्या मुलीलाच माहीत असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू पोरींची दुखणी, आमच्याकडे प्रश्न पोटभर मिळण्याचा. आक्षेपात तथ्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि 20.8 टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानानं कमी आहे. पण त्याच सर्वेक्षणात 23.4 टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या निघाल्या. दोन्ही टोकं एकाच राज्यात, अनेकदा एकाच गल्लीत आहेत. शिवाय ज्या घरात सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते बाईनं खायचं असतं, त्या घरातल्या मुलीला ताट बाजूला सारायला वेगळं शिकावं लागत नाही. हा आजार म्हणजे आरशापुढचं वेड, ही समजूतही अपुरी आहे. हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी 1993 साली अ‍ॅनोरेक्सियाच्या 70 रुग्णांचा अभ्यास मांडला; त्यांतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना जाड होण्याची भीतीच नव्हती. ‘पोट भरल्यासारखं वाटतं’, ‘भूक नाही’ एवढंच त्या सांगत. दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1995 साली मांडलेल्या तरुण मुलींच्या केसेसही अशाच होत्या. आपल्या दवाखान्यात ‘अन्न जात नाही’ म्हणणाऱ्या मुलीला अशक्तपणा म्हणून सलाइन लावून घरी पाठवलं जातं. आजार नसल्यामुळे तो सापडत नाही, असं मग कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: तुम्ही व्रतांना दोष देता. देत नाही. उपवासाला तिथी असते, शेवट असतो. एकादशी करणारा वारकरी द्वादशीला पारणं करतो. आजारी माणसाला, गरोदर बाईला उपवास करू नको असं घरातली जुनी माणसंच सांगतात. आजाराला पारणं नसतं, हा दोन्हींतला फरक आणि तोच पाहायचा. नवरात्र संपलं तरी जेवण सुरू होत नाही, सोळा सोमवार झाले की लगेच दुसरं काहीतरी धरलं जातं, भगर नि साबुदाणाही ‘जड’ वाटू लागतो, तेव्हा भक्ती हे फक्त पांघरूण उरलेलं असतं. युरोपातही हे घडलं आहे. 1380 साली वारलेली सिएनाची संत कॅथरीन अन्न जवळजवळ सोडूनच जगत होती, आणि रुडॉल्फ बेल या इतिहासकारानं तिच्यासारख्या स्त्रियांचं उपाशी राहणं आजच्या अ‍ॅनोरेक्सियाशेजारी ठेवून तपासलं. आपल्या जिल्ह्याला तर वेगळाच वारसा आहे. नर्सी हे नामदेवांचं गाव मानलं जातं, आणि लहानग्या नामदेवाची सर्वांना ठाऊक असलेली कथा आहे ती नैवेद्य खाच म्हणून देवापाशी हट्ट धरल्याची. देवाला जेवू घालण्यासाठी रडणाऱ्या पोराचा हा मुलूख. इथे भक्तीची परीक्षा पोरीच्या रिकाम्या पोटावर का व्हावी?

तिसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा: मधुमेह वाढतोय, वजनावर बोलायचंच नाही का? बोलायचं, पण तपासणीच्या खोलीत, साखर आणि रक्तदाब पाहून. लग्नाच्या मांडवात ‘किती सुटलीस गं’ म्हणण्यात आरोग्याचा काही संबंध नसतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे दोन हजार मुलामुलींवर तीन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा आजार जडण्याची शक्यता डाएट न करणाऱ्यांच्या 18 पट निघाली. नांदेड-लातूरला नीटच्या क्लाससाठी किंवा पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी गेलेल्या आपल्या मुलींचा विचार इथे करायला हवा. मेसचा डबा अर्धा परत गेला तर विचारणारं कुणी नसतं, ‘अभ्यासामुळे भूक लागत नाही’ हे कारण सगळ्यांना पटतं, आणि सुट्टीत घरी आल्यावर ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे पहिलं वाक्य कानावर पडतं. भूक मारल्यावर अभ्यासही नीट होत नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट पुरुषांना स्वेच्छेनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तर त्यांच्या डोक्यात दिवसभर अन्नाशिवाय काही उरलं नाही. ते चिडचिडे झाले, माणसं टाळू लागले, एकाग्रता गेल्याची तक्रार करू लागले. आपण ज्याला मुलीचा हट्टी स्वभाव म्हणतो त्यातलं बरंच काही उपासमारीचं असतं.

हिंगोलीत 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ‘टेली-मानस’ची 14416 ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा 2022 पासून मराठीतही बोलते. पण त्या दारापर्यंत मुलगी जाणार कशी, जर तिला आणि आईला हा आजारच वाटत नसेल? शाळांमधून आठवड्याला लोहाची निळी गोळी वाटली जाते, तेव्हा प्रत्येक मुलीशी कुणीतरी समोरासमोर बोलत असतंच. त्याच वेळी काल किती वेळा जेवलीस आणि पाळी शेवटची कधी आली, हे दोन प्रश्न एकटीला बाजूला घेऊन विचारता येतील. त्यासाठी नवा निधी लागत नाही, नवं पद लागत नाही. तीन महिने पाळी नाही आणि जेवण दिवसातून एकदाच, असं उत्तर आलं तर रक्तवाढीची बाटली लिहून तिची बोळवण करू नये. तिचं वजन, नाडी आणि मन तिन्ही तपासणाऱ्या डॉक्टरकडे तिला त्याच आठवड्यात पाठवावं.